जुन्या लाकडी कपाटाचं सापासाठी घर: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कपाट घडवणाऱ्या सुताराच्या डोळ्यांसमोर कपडे असतात, पुस्तकं असतात, भांडी असतात. कपडे रात्री फट शोधत फिरत नाहीत. पुस्तकांना ऊब लागत नाही, भांड्यांना श्वास घ्यावा लागत नाही. सापाचं तसं नाही. शिवाय तो रोज रात्री आपल्या घराचा कोपरान् कोपरा नाकाने दाबून बघतो. त्यामुळे जुन्या कपाटाला काच लावली आणि आत दिवा टांगला की झालं, असं होत नाही. फटी बुजवणं, लाकूड ओलाव्यापासून वाचवणं, ऊब ताब्यात ठेवणं आणि हवा खेळती ठेवणं ही चारही कामं नीट झाली तरच ते घर सुरक्षित होतं.

आधीच सांगतो, प्रत्यक्ष सुतारकाम दोन-तीन दिवसांचं आहे. लेप वाळण्याची आणि वास जाण्याची वाट बघणं मात्र तीन-चार आठवड्यांचं. मी अशी पाच घरं केली आहेत. कापाकापीतल्या चुका मला दुरुस्त करता आल्या, घाईतल्या चुकांचा त्रास मात्र सापाला झाला. म्हणून नवा साप आणायचा असेल तर आधी घर पूर्ण करा, मग साप आणा.

साप कोणता, त्यावर माप

नवशिक्यांसाठी कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन हे दोन साप सर्वांत सोयीचे. दोन्ही बिनविषारी. पूर्ण वाढल्यावर दोघांची लांबी साधारण 90 ते 150 सेंटिमीटर भरते. कॉर्न स्नेक सडपातळ, चपळ आणि निसटण्यात तरबेज. बॉल पायथन जाडजूड, संथ, दिवसभर अंधाऱ्या जागी वेटोळं घालून बसणारा. पुढे मी जी मापं आणि तापमानं देतो आहे, ती या दोघांसाठी आहेत. मोठ्या अजगरांसाठी किंवा विषारी सापांसाठी हा लेख नाही, आणि जुनं कपाटही नाही.

सापाला अंग सरळ ताणून पडता यावं, इतकी लांबी हवी. 120 सेंटिमीटर लांब, 60 खोल आणि 60 उंच हे माप मी किमान धरतो. साप 150 सेंटिमीटरपर्यंत गेला तर लांबीही तेवढी लागेल, म्हणून जागा असेल तर सुरुवातीलाच मोठं फर्निचर निवडा. लहान पेटीतही साप जगतो हे खरं, पण त्याला नीट हालचाल करताना बघितलं की तो युक्तिवाद पुन्हा करावासा वाटत नाही. पिल्लू असेल तर एवढ्या मोठ्या जागेत त्याला आडोसे भरपूर लागतात. काही महिने झाकणाच्या लहान पेटीत वाढवून मग इकडे आणलं तरी चालतं.

कायद्याचं आताच बघून घ्या. तुम्ही राहता तिथे कोणती जात पाळायला परवानगी आहे, नोंदणी करावी लागते का, हे साप घेण्याआधी लेखी माहीत हवं. रानातला साप पकडून आणून ठेवणं अनेक देशांत गुन्हा आहे आणि सापावर अन्यायही. बॉल पायथन सायटिस (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणजे त्याची सीमेपलीकडे ने-आण कागदपत्रांशिवाय करता येत नाही. विकणाऱ्याकडून साप बंदिस्त जागेत जन्मलेला असल्याचे कागद मागून घ्या.

फर्निचर निवडताना

टीव्हीचं बैठं कपाट हे माझ्या मते सर्वांत उत्तम. ते आधीच आडवं आणि बुटकं असतं, वजन पेलायला बनवलेलं असतं आणि खोलीला 45 ते 60 सेंटिमीटर भरतं; त्यातलं 60 चं निवडा. भांड्यांचं बैठं कपाटही चांगलं. उभा वॉर्डरोब मजबूत असेल तर त्याचा खालचा भाग सामानासाठी ठेवून मधला भाग सापाला देता येतो. पुस्तकांची मांडणी मात्र दिसायला सोयीची असली तरी तिची खोली बहुधा 30 सेंटिमीटरच्या आसपास असते. एवढ्या अरुंद जागेत गरम आणि थंड अशी दोन टोकं मिळाली तरी सापाला वळायला जागा उरत नाही. ती मी घेत नाही.

आता लाकूड. भरीव लाकूड किंवा प्लायवूड असेल तर निश्चिंत. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचं फर्निचर कापलेल्या कडेवर पाणी लागलं की फुगतं, आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही. ते वापरायचंच असेल तर वरचा सनमायका शाबूत हवा आणि प्रत्येक उघडी कड दुप्पट लेपाने बंद करायला हवी. देवदाराचं सुगंधी लाकूड मात्र कुठल्याही रूपात नको. त्यातली तेलं बंद, उबदार जागेत सापाच्या श्वसनाला त्रास देतात. ज्या वासाने कपड्यांना कसर लागत नाही, तो वास चोवीस तास सापाच्या नाकाशी नको.

कपाट उचलून आणण्यापूर्वी दारं उघडून आत डोकं घाला आणि वास घ्या. ही माझी पहिली परीक्षा. कुबट वास आला तर ओल मुरलेली आहे. उन्हात वाळवून तो जातो का बघता येतं. डांबर गोळ्यांचा वास आला तर कपाट सोडून द्या. वर्षानुवर्षं गोळ्या ठेवलेल्या कपाटात तो वास लाकडात जिरलेला असतो, आणि आत ऊब सुरू केली की तो पुन्हा बाहेर येतो. वाळवीचं औषध मारलेलं फर्निचर, सिगारेटच्या धुरात वर्षं काढलेलं फर्निचर, यांनाही तोच न्याय.

लाकडावर बारीक, गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगेरा आत जिवंत आहे. कीटकनाशक मारून ते लाकूड सापासाठी वापरता येणार नाही, म्हणून तेही नको.

जुना, जाड, टवके उडालेला ऑइल पेंट असेल तर जरा थांबा. जुन्या रंगांमध्ये शिसं असायचं. असा रंग पॉलिश पेपरने घासला तर शिशाची धूळ घरभर होते, आणि तिचा धोका सापापेक्षा घरातल्या लहान मुलांना जास्त. रंगातलं शिसं तपासायचे किट मिळतात. तपासणीची सोय नसेल तर ते फर्निचर या कामाला घेऊ नका.

रिकामं करा, आडवं पाडा, उजेड लावा

खण, मधल्या फळ्या, बिजागऱ्या, कड्या, सगळं काढा. मधली फळी काढण्यापूर्वी कपाट किंचित हलवून बघा. काही कपाटांत मधली फळीच सांगाडा ताठ धरून ठेवते. ती काढली की चौकट तिरकी होते. अशा वेळी आतल्या चारही कोपऱ्यांना लाकडी ठोकळे किंवा लोखंडी कोन स्क्रूने बसवा.

मग मागची पाठ बघा. बहुतेक फर्निचरला मागे पातळ हार्डबोर्ड बारीक खिळ्यांनी ठोकलेला असतो. हीच सर्वांत कमकुवत जागा. साप पाठ टेकून, अंग आवळून जोर लावतो तेव्हा हे खिळे एकेक करून सुटतात, आणि फट पडल्याचं बाहेरून कळतही नाही. तो हार्डबोर्ड काढून टाका. त्या जागी 6 मिलिमीटर किंवा त्याहून जाड प्लाय घ्या आणि दर 15 सेंटिमीटरवर स्क्रू मारा. खिळे नकोत.

आता खोलीत अंधार करून कपाटाच्या आत टॉर्च लावा आणि बाहेरून फिरून बघा. जिथून उजेड झिरपतो, तिथे खडूची खूण करा. जिथे सापाचं डोकं शिरतं, तिथून त्याचं बाकी अंगही जातं, आणि पिल्लाचं डोकं तुमच्या करंगळीच्या टोकाहून लहान असतं. मोठ्या फटीत लाकडी पट्टी, लहान फटीत लाकडाची लांबी (पुट्टी) भरा. वाळल्यावर घासून सपाट करा. आत कुठेही खिळ्याचं टोक, स्क्रूचं टोक किंवा लाकडाचं कुसळ उरता कामा नये. मी हे तपासायला जुना नायलॉनचा मोजा हातात चढवून सगळीकडून फिरवतो. मोजा अडकला की तिथे पुन्हा पॉलिश पेपर.

पुढच्या बाजूला, काचेच्या खाली, 8 ते 10 सेंटिमीटर उंचीची आडवी पट्टी बसवा. ही नसेल तर आतली माती-भुसा काचेच्या खाचेत जाऊन काच रोज अडकेल.

हवेची जाळी

हवा खालून थंड टोकाकडून आत यावी आणि वरून गरम टोकाकडून बाहेर पडावी. म्हणून एका बाजूला तळापासून थोडं वर आणि दुसऱ्या बाजूला छताखाली भोकं घ्या. मी होल सॉने 5 सेंटिमीटर व्यासाची दोन खाली आणि दोन वर अशी सुरुवात करतो. जास्त लागली तर पुढे वाढवता येतात. जास्त झालेली बुजवणं कटकटीचं. भोकांवर प्लॅस्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या गोल झडपा बसवा. झडपेच्या फटी सापाच्या डोक्यापेक्षा बऱ्याच बारीक हव्यात. कापलेल्या तारेची जाळी आतून उघडी ठेवू नका. साप नाक घासत राहतो आणि थोबाडावरचे खवले सोलवटून निघतात.

तारांसाठीचं भोकही आताच पाडा, आणि ते मागच्या बाजूला, वर. तार ओवल्यावर भोवतालची जागा पूर्ण बंद होईल, असं रबरी बूच लागेल.

लेप, आणि मग वाट बघणं

सापाच्या घरात पाणी सांडतं, विष्ठा होते, हवेत दमटपणा राहतो. उघडं लाकूड हे सगळं शोषतं, काळं पडतं, बुरशी धरतं. त्यावर उपाय म्हणजे आतली प्रत्येक बाजू लेपाने बंद करणं. जुनं फ्रेंच पॉलिश असेल तर ते पुरेसं समजू नका. त्यावर पाणी राहिलं की पांढरे डाग पडतात. ते घासून काढा.

मी पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन (लाकडावर द्यायचा पारदर्शक लेप) वापरतो. रॉकेलसारखा वास असलेल्या लेपांपेक्षा ते लवकर निवतं. आतली बाजू 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्या, पहिला हात पातळ द्या. डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्या. मग 220 नंबरने हलकेच फिरवा, पुसा, दुसरा हात. असे निदान तीन हात, आणि तळाला व कापलेल्या कडांना चार. हवेच्या भोकांच्या आतल्या गोल कडा नवशिके हमखास विसरतात. तिथे बोटाने लेप फिरवा.

त्यानंतर तळाचे चारही सांधे आणि उभे कोपरे सिलिकॉनने भरा. माशांच्या टाकीसाठी असतं तसं शुद्ध सिलिकॉन घ्या. न्हाणीघरातल्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेलं असतं, ते नको. ओल्या बोटाने सांधा गोलसर करा, म्हणजे पुढे पुसताना कोपऱ्यात घाण अडकणार नाही. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. तो पूर्ण गेला म्हणजे ते पक्कं झालं.

आता थांबायचं. हाताला कोरडा लागणारा लेप आणि पूर्ण पक्का झालेला लेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारं उघडी टाकून, हवेशीर जागी, किमान दोन आठवडे. दमट हवा असेल तर चार. सापाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे छातीत गेलेलं खोकून बाहेर टाकणं त्याला जमत नाही. आपल्याला 'जरासा वास' वाटतो तो त्याच्यासाठी बंद खोलीतला दिवसरात्रीचा वास असतो. माझ्या दुसऱ्या घराच्या वेळी मी आठव्या दिवशी साप आत सोडला. रात्री दिवा तापला तसा लेपाचा वास पुन्हा सुटला, आणि सकाळी साप पाण्याच्या भांड्याजवळ, झडपेला तोंड लावून बसला होता. त्याला तासाभरात बाहेर काढलं आणि पुढे काही झालं नाही. पण ते दृश्य मी विसरलेलो नाही.

काच

सरकत्या दोन काचा हा सर्वांत सोपा मार्ग. त्यासाठी प्लॅस्टिकच्या दुहेरी खाचेच्या पट्ट्या मिळतात. वरच्या पट्टीची खाच खोल असते, खालचीची उथळ. काच आधी वरच्या खाचेत ढकलायची, मग खाली सोडायची. पट्ट्या उलट बसवल्या तर काच बसतच नाही, म्हणून चिकटवण्यापूर्वी दोनदा बघा.

माप असं घ्या. दोन्ही पट्ट्या जागेवर बसवल्यावर वरच्या पट्टीच्या कडेपासून खालच्या पट्टीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. त्यात खालच्या खाचेची खोली मिळवा आणि आणखी 5 मिलिमीटर मिळवा. ही काचेची उंची. वरची खाच या दोन्हींच्या बेरजेपेक्षा खोल असायला हवी, नाहीतर काच उचलून आत घालता येणार नाही. हे अंतर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असं तीनदा मोजा. जुनं फर्निचर क्वचितच काटकोनात असतं. तिन्हींतलं सर्वांत कमी माप धरा. फरक 3 मिलिमीटरहून जास्त असेल तर आधी पट्टीखाली पातळ चिप घालून सरळ करा. रुंदीसाठी, मोकळ्या जागेत 40 मिलिमीटर मिळवून दोनने भागा. जागा 1180 मिलिमीटर असेल तर प्रत्येक काच 610. त्यामुळे दोन काचा मध्ये 40 मिलिमीटर एकमेकींवर येतात.

काच टफन्ड घ्या, 4 किंवा 5 मिलिमीटर जाडीची. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून माप चुकलं तर ती वाया गेली. सगळ्या कडा घासून द्यायला सांगा.

दोन काचा एकमेकींवर येतात तिथे त्यांच्यामध्ये काही मिलिमीटरची उभी फट राहते. पहिल्या घरात मी तिच्याकडे लक्षच दिलं नव्हतं, आणि कॉर्न स्नेकचं पिल्लू तिथून गेलं. चार रात्री सापडलं नाही. पाचव्या दिवशी फ्रिजच्या मागे, मोटरच्या उबेला, वेटोळं घालून बसलेलं मिळालं. त्या फटीत मऊ पारदर्शक रबरी पट्टी लावा, आणि पिल्लू असेपर्यंत ही रचना वापरू नका. शोकेसच्या सरकत्या काचांना लागतं ते दातेरी पट्टीचं कुलूप नक्की लावा. साप काच बाजूला सरकवू शकतो, आणि लहान मुलंही.

ऊब

लाकूड उष्णता आतच धरून ठेवतं. थंडीत हा गुण आहे, पण चुकीच्या दिव्याने तेच लाकूड भट्टी होतं. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही. तो गरम टोकाकडून थंड टोकाकडे आणि परत असा फिरून अंगाचं तापमान सांभाळतो. म्हणून ऊब एकाच टोकाला द्यायची.

कॉर्न स्नेकला गरम टोकाची जागा 29 ते 32 अंश सेल्सियस आणि थंड टोक 22 ते 25. बॉल पायथनला गरम टोक 31 ते 33 आणि थंड टोक 25 ते 27. हवेतला दमटपणा कॉर्न स्नेकला 40 ते 60 टक्के पुरतो, बॉल पायथनला 60 ते 75 लागतो.

तापणारी चटई लाकडी घराखाली ठेवून उपयोग नाही, कारण लाकडातून ऊब फारशी वर येत नाही. आत ठेवली तर तिच्या आणि लाकडाच्या मध्ये ऊब कोंडते. लाकडी घराला वरून दिलेली ऊबच बरी: दिवसा हॅलोजन, किंवा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर. धारक चिनी मातीचा हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग 200 अंशांच्या वर जातो, म्हणून तो छताला चिकटून नको. मध्ये धातूचा पत्रा आणि हवेची जागा ठेवा. सतत तापणारं लाकूड हळूहळू करपतं, आणि करपलेलं लाकूड कमी तापमानालाही पेट घेतं.

दिव्याभोवती जाळीचा पिंजरा बसवा, आणि तो छताला स्क्रूने. साप उबेच्या दिशेने चढतो आणि दिव्याला वेटोळं घालतो. चटका बसतोय हे त्याला आपल्याइतकं पटकन कळत नाही, आणि पोटाचे खवले भाजलेला साप बरा व्हायला महिने घेतो. बाजारात मिळणारे तापणारे दगड याच कारणासाठी घेऊ नका.

थर्मोस्टॅट (तापमान ठरलेल्या आकड्यावर राखणारं उपकरण) नसेल तर दिवा लावूच नका. यात मला तडजोड मान्य नाही. हॅलोजनला उजेड कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅट, सिरॅमिक हीटरला ठरावीक ठोक्यांनी वीज सोडणारा. त्याची संवेदक तार सापाच्या गरम बसायच्या जागेजवळ क्लिप आणि स्क्रूने पक्की करा. साप तार ओढून थंड कोपऱ्यात घेऊन गेला तर थर्मोस्टॅटला वाटतं घर गारठलंय, आणि तो दिवा पूर्ण पेटवून ठेवतो. शिवाय दोन्ही टोकांना वेगळे डिजिटल तापमापक. काट्याचे गोल मापक भरवशाचे नसतात.

वायरिंग जाणकाराकडून करून घ्या. प्लगच्या अलीकडे तार खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळावरून खाली पडेल. विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच त्या लाइनवर असावा.

एक गोष्ट आताच, कारण तारा बसवताना मोह होतो: आत कुठेही चिकटपट्टी लावू नका. ना तार धरायला, ना तापमापक चिकटवायला. सुटलेल्या कडेला साप चिकटला की तो जितका ओढतो तितकी चामडी सोलते. चिकटलेला साप दिसला तर ओढू नका. पट्टीखाली स्वयंपाकाचं तेल सोडून इंच-इंच सुटी करा, आणि जखम असेल तर पशुवैद्याकडे न्या.

रिकामं घर चालवून बघा

साप आत जाण्यापूर्वी सात दिवस सगळं चालू ठेवा. काचा बंद, दिवे वेळेवर, पाण्याचं भांडं भरलेलं. सकाळी, दुपारी आणि मध्यरात्री दोन्ही टोकांची तापमानं आणि दमटपणा वहीत लिहा. खोलीतली सर्वांत गरम दुपार आणि सर्वांत गार पहाट या दोन्ही वेळी आकडे ठरलेल्या पट्ट्यात राहिले, तर रचना जमली. थंड टोक फार तापत असेल तर दिवा लहान करा. थर्मोस्टॅट आहे म्हणून मोठा दिवा चालतो, असं समजू नका. काचेवर सकाळी दहानंतरही पाण्याचे थेंब दिसत असतील तर आणखी एक झडप पाडा.

सातव्या दिवशी सकाळी काच उघडा आणि आत डोकं घाला. काहीही वास आला, तर पुन्हा वाट बघा.

कपाट कुठे ठेवता, यालाही महत्त्व आहे. थेट उन्हात काचेचं घर तासाभरात जीवघेणं तापतं. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतून आलेली थरथर तो जबड्याने टिपतो. म्हणून स्पीकर, कपडे धुण्याचं यंत्र, सारखं आपटणारं दार यांच्याजवळ नको. खालचे खण सामानाला ठेवले असतील तर ते हलक्या हाताने ओढा. स्वयंपाकघरात नको, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. आणि उंच कपाट असेल तर ते भिंतीला कोन मारून बांधा. काच आणि आतली माती यांनी त्याचं वजन पुढे झुकतं.

आतलं सामान

कॉर्न स्नेकला ॲस्पेन लाकडाचा भुगा, बॉल पायथनला नारळाच्या सोडणाचा चुरा, 6-7 सेंटिमीटर जाड. लपायच्या जागा दोन, एक गरम टोकाला आणि एक थंड. त्या इतक्या आवळ हव्यात की वेटोळ्याच्या अंगाला भिंती टेकतील. ऐसपैस गुहेत सापाला लपल्यासारखं वाटत नाही. एकच जागा ठेवली तर तो सुरक्षितता आणि ऊब यांपैकी एकच निवडतो, आणि बहुधा सुरक्षितता निवडून गारठत बसतो. पाण्याचं जड भांडं थंड टोकाला. कॉर्न स्नेकसाठी एक-दोन जाड फांद्या, दोन्ही टोकांना पक्क्या. बाहेरून आणलेली फांदी धुऊन, पूर्ण वाळवून घ्या.

पहिला महिना मात्र हे सगळं नको. नवा साप आला की तळाला साधे कागद, दोन आडोसे, पाणी, एवढंच. लाकडी घराचा एक तोटा असा की सापाच्या अंगावरचे माइट (रक्त शोषणारे बारीक किडे) सांध्यांत शिरले की काढणं अवघड जातं. पांढऱ्या कागदावर काळे ठिपके हलताना दिसले, किंवा साप पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास पडून राहिला, तर पशुवैद्याला दाखवा. शक्य असेल तर हा महिना वेगळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत काढणं उत्तम.

साप आत सोडल्यावर आठवडाभर त्याला हात लावू नका. पाणी बदला, दिसलेली घाण उचला, बाकी काही नाही. पहिलं खाणं आठवड्याने. त्याने नाकारलं तर पुन्हा आठवडाभर थांबा.

देखभाल

विष्ठा दिसली की लगेच काढा. साफसफाईला क्लोरहेक्सिडिनचं पातळ द्रावण वापरा. फिनेल कधीच नाही. फिनॉल असलेली जंतुनाशकं सापांना विषारी आहेत. पुसल्यावर तळ पूर्ण कोरडा होईपर्यंत साप परत ठेवू नका, आणि काम झालं की हात साबणाने धुवा.

कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ-निळे होतात. तेव्हा एका आडोशात ओलं शेवाळ ठेवा. कात डोळ्यांवरच्या टोप्यांसकट अखंड निघाली तर दमटपणा बरोबर आहे. तुकड्यांत निघाली तर दमटपणा वाढवायला हवा, पण तो वाढवण्यासाठी झडपा बंद करू नका. कोंडलेल्या दमट हवेत खवले सडतात आणि छातीचे आजार होतात. पाण्याचं भांडं मोठं ठेवा, चुरा खोलवर ओलसर करा, वरचा थर कोरडा राहू द्या.

दर सहा महिन्यांनी घर पूर्ण रिकामं करा आणि पहिल्या दिवसासारखा आत टॉर्च लावून अंधारात बघा. सांध्यांतलं सिलिकॉन नखाने दाबा, दिव्यावरच्या लाकडाचा रंग बघा, झडपांचे स्क्रू आवळा, काचेच्या पट्ट्यांत अडकलेला भुगा ब्रशने काढा. तळाला कुठे काळा डाग आणि बोटाला मऊ लागणारं लाकूड सापडलं, तर तेवढा भाग कोरडा करून, घासून, पुन्हा तीन हात द्यावे लागतील. तेवढे दोन-तीन आठवडे साप राहील अशी झाकणाची पेटी, तिचा स्वतःचा थर्मोस्टॅट आणि दोन आडोसे आधीपासून तयार ठेवा.